हिमालयन ४११: पावणेसहा वर्षं, ८१ हजार किलोमीटर आणि खर्चाची वही

परवा मलकापुरात टाकी भरली आणि वहीत ओळ लिहिली: ८१,२६० किलोमीटर, १२.४ लिटर, १,२९६ रुपये. ही सवय बायकोनं लावलेली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये मी रॉयल एनफिल्डची हिमालयन मोटरसायकल घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा तिनं नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "अहो, घेतलीत ते चांगलं केलंत. पण हिच्यावर जाणारा रुपयान् रुपया लिहून ठेवायचा." पहिली दोनशे पानी वही २०२३ मध्ये भरली. आता दुसरी निम्मी झालीय. खाली जे आकडे देतोय ते सगळे त्या दोन वह्यांतले आहेत.

मी खासगी पशुवैद्य आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्याचा पश्चिम भाग, आंबा, येळवण जुगाई, गजापूर, उदगिरी या बाजूच्या वाड्या आणि धनगरवाडे हे माझं रोजचं फिरणं. डांबर जिथं संपतं तिथून पुढं माझं बरंचसं काम असतं. लाल मातीचा चिखल, जांभ्याचे उघडे पडलेले दगड, सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावरची चाकोरी आणि जून ते सप्टेंबर वाटेवरून वाहणारं पाणी. लडाखला ही गाडी अजून गेलेली नाही. वर्षाला चौदा हजार किलोमीटर धरा, त्यातले निम्मे तरी अशा वाटांवरचे आहेत. त्यामुळं ज्यांना रोजच्या कामाला ॲडव्हेंचर गाडी वापरली तर काय होतं हे जाणून घ्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी माझ्याकडं १०० सीसीची साधी गाडी होती. अकरा वर्षं चालवली, खूप सोसलं तिनं. पण माझ्या गाडीवर मागं कायम एक ॲल्युमिनियमचा कॅन असतो, तीन लिटरचा. त्यात द्रवरूप नायट्रोजन असतो आणि त्यात बुडवून ठेवलेल्या कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा (वळूच्या वीर्याच्या कांड्या), उणे १९६ अंशांवर. हा कॅन आतून थर्मॉससारखा असतो. दोन भिंती, मध्ये निर्वात पोकळी आणि आतलं भांडं नुसतं मानेवर लटकलेलं. गाडी सतत आदळत राहिली की ती मान तडकते आणि निर्वात जातो. सकाळी बघावं तर कॅनच्या अंगावर पांढरं हिव गोठलेलं दिसतं. मग समजायचं की आतला नायट्रोजन उडून चाललाय आणि रेतमात्रा वाया गेल्या. २०१९ च्या एका पावसाळ्यात माझे असे दोन कॅन गेले. नऊ-नऊ हजारांचे कॅन, आतला माल वेगळा आणि ज्या गायी त्या दिवशी माजावर होत्या त्यांच्या मालकांचे पुढचा माज येईपर्यंतचे एकवीस दिवस वाया गेले ते वेगळे.

हिमालयनच्या पुढच्या फोर्कला २०० मिलिमीटरची हालचाल आहे आणि मागच्या शॉकअपला १८० ची. हे दोन आकडे वाचूनच मी शोरूमला गेलो होतो. मलकापुरातल्या फॅब्रिकेटरकडून मागच्या कॅरिअरवर कॅनसाठी लोखंडी कडं करून घेतलं, तळाला ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर लावलं, अठराशे रुपये झाले. तेव्हापासून आजपर्यंत तोच एक कॅन चालू आहे. गाडीबद्दल माझं मत कुणी एका वाक्यात विचारलं तर मी हेच सांगतो.

आता हिशोब. गाडी ऑन रोड २,२६,००० ला पडली, बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांतलं पहिलंच मॉडेल. आजवर पेट्रोल २,८०,९०० रुपयांचं गेलं. सर्व्हिसिंग, ऑइल, फिल्टर आणि मजुरी मिळून ४१,३००. टायर, ट्यूब, पंक्चर ३३,६००. चेन-स्प्रॉकेट आणि चेनचं ऑइलपाणी १७,३००. ब्रेक ७,२००. हँडलचा कोनसेट, बेअरिंग, क्लच प्लेटा, केबली, फोर्कचे सील, बॅटरी, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणं असं किरकोळ वाटणारं सगळं मिळून २१,४००. एकदा पडलो त्याचे ६,८००. विमा १६,८००. बेरीज ४,२५,३००. म्हणजे किलोमीटरला ५ रुपये २३ पैसे, त्यातले ३ रुपये ४६ पैसे निव्वळ पेट्रोलचे. नुसती देखभाल धरली तर किलोमीटरला दीड रुपया. सांगलीचा एक गाड्यांचा व्यापारी आज ९० हजार द्यायला तयार आहे. ते वजा करून गाडीची झीज धरली, वर कॅरिअर, पेट्या, जादा दिवे असे १९,५०० धरले, तर एकूण खर्च किलोमीटरला सव्वासात रुपयांच्या थोडा आत बसतो.

जुनी १०० सीसीची गाडी आजच्या भावानं साडेतीन रुपयांत पडली असती. म्हणजे हिमालयनसाठी मी वर्षाला पन्नास हजार जास्त मोजतो. हा आकडा बायकोनं लाल पेनानं लिहून ठेवलाय आणि ते बरोबरच आहे. शहरात ऑफिसला जायला-यायला ही गाडी घेणाऱ्यानं हा आकडा आधी वाचावा.

ॲव्हरेजचं सांगतो, कारण गाडी कुठंही लावली की पहिला प्रश्न तोच येतो. ८१ हजार किलोमीटरला २,७५५ लिटर पेट्रोल लागलं, म्हणजे लिटरला साडेएकोणतीस. हायवेला सत्तरच्या वेगानं गेलं तर बत्तीस-तेहतीस देते, पावसाळ्यात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढण चढताना चोवीसवर येते. टाकी १५ लिटरची, त्यामुळं चारशे किलोमीटर निर्धास्त जाता येतं. आमच्याकडं पश्चिमेला गेल्यावर पंप लवकर सापडत नाही, तिथं हे फार उपयोगी पडतं. अलीकडं पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून वहीत फरक दिसतो. त्याच वाटा, तोच मी, पण सरासरी दीडेक किलोमीटरनं उतरलीय. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिसऱ्या हिश्शानं कमी असते, त्यामुळं हे व्हायचंच होतं. आमचा जिल्हा उसाचा आहे, माझ्या गिऱ्हाइकांचाच ऊस त्यात जातो आणि त्यांना त्याचे पैसे मिळावेत असंच मला वाटतं. पण २०२० सालची गाडी वापरणाऱ्यानं किलोमीटरमागचा खर्च काढताना जुनं ॲव्हरेज धरू नये.

ऑइलची गोष्ट लॉकडाऊनपासून सुरू होते. गाडी घेऊन महिना झाला होता, पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला करायची आणि मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं. जनावरांच्या डॉक्टरांना फिरायची मुभा होती, गॅरेजवाल्यांना नव्हती. शेवटी एका मिस्त्रीला फोन केला आणि तो सांगेल तसं अंगणात बसून ऑइल बदललं. आधी इंजिन गरम करून घ्यायचं, मग खालचा बोल्ट सोडायचा. काळ्या ऑइलात चांदीसारखी बारीक भुकटी चमकत होती. पोटात गोळा आला माझ्या. मिस्त्री फोनवर म्हणाला, "नवं इंजिन हाय डॉक्टर, पहिल्या ऑइलात ते यायचंच. दुसऱ्याला बघा, न्हाई येनार." आणि खरंच नाही आली. तेव्हापासून सतरा वेळा ऑइल बदललंय, त्यातलं बारा वेळा मी स्वतः. १५ डब्ल्यू ५० ग्रेडचं ऑइल सव्वादोन लिटरच्या आसपास लागतं. दर ५,००० ला बदलतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तासन् तास चालणाऱ्या इंजिनाला त्यापेक्षा जास्त ताणू नये असं माझं मत आहे. उजव्या बाजूला इंजिनाला काचेची छोटी खिडकी आहे, त्यात ऑइलची पातळी दिसते. पण गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करूनच बघायची. साइड स्टँडवर झुकलेली असताना बघून कितीतरी लोक वरून ऑइल ओतत बसतात.

एअर फिल्टर मात्र माझ्या अंदाजापेक्षा फार लवकर जायला लागला. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याचं चौपदरीकरण सुरू झालं आणि मलकापूर ते आंबा पट्ट्यात उन्हाळाभर पिठासारखी लाल धूळ उडत राहिली. आधी दहा हजारांवर फिल्टर बदलायचो, आता सहा हजारांवर बदलतो. याच फिल्टरवरून एक वाईट अनुभव आला. शहरातल्या एका गॅरेजला गाडी दिली होती, नाव लिहीत नाही. बिलात नवा एअर फिल्टर लावला, मजुरी वेगळी. घरी येऊन उघडला तर आत माझाच फिल्टर, कडेला मी पेनानं घातलेल्या तारखेसकट. फुंकून परत बसवला होता. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस किलोमीटर परत गेलो, पैसे मागून घेतले. चारशे रुपयांचं दुःख नव्हतं. हाच फिल्टर इंजिनाला धुळीपासून वाचवतो आणि त्याच्याच बाबतीत खोटं बोललं गेलं, याचा राग आला. तेव्हापासून बदलायच्या प्रत्येक वस्तूवर खूण करून गाडी देतो आणि जुना भाग परत मागतो. तुम्हीही मागा. चांगला मिस्त्री त्याचं वाईट वाटून घेत नाही.

टायर हा पेट्रोलनंतर सगळ्यात बोचणारा खर्च. पुढं २१ इंची चाक, ९०/९० चा टायर. मागं १७ इंची, १२०/९० चा. पुढचा बावीस हजार टिकतो, मागचा चौदा हजारांच्या आसपास. मागचे पाच झाले, सरासरी ४,२०० चे. पुढचे तीन, २,९०० चे. पैसे वाचवायला २०२३ च्या उन्हाळ्यात मी मागं एक जास्त टिकणारा, कमी खाचांचा टायर बसवला. दुकानदार म्हणाला वीस हजार कुठं जात नाहीत. जुलैमध्ये गजापूरच्या बाजूला एका उतारावर जांभ्यावर शेवाळ धरलं होतं. ब्रेकला बोट नुसतं लागलं आणि मागचं चाक माझ्या शेजारी आलं. हँडल वाकलं, क्लचचा लिव्हर तुटला, लेग गार्ड चेपला, माझं मनगट पंधरा दिवस बांधून होतं. ६,८०० रुपये गाडीचे. कॅन कड्यातून हललासुद्धा नाही. तो टायर नऊ हजारांवर असतानाच काढून टाकला. मातीच्या वाटेवर जाणार असाल तर मऊ रबराचा, मोठ्या खाचांचा टायर घ्या आणि तो लवकर झिजणार हे धरूनच चला.

चाकं तारांची आहेत आणि टायर ट्यूबचे. वाकलेल्या रिमचा आउट गावातला मिस्त्रीही काढून देतो. पण पंक्चर झालं की जागेवरच बसायचं. २०२१ च्या डिसेंबरात रात्री साडेदहाला उदगिरीच्या वरच्या धनगरवाड्यातून फोन आला, "डॉक्टर, म्हस अडलीया, रेडकाचा एकच पाय भाईर आलाय, बिगीनं या." सड्यावर निम्म्या वाटेत पुढचं चाक बसलं. बैलाच्या पत्रीचा (खुराच्या नालेचा) खिळा होता, मोडलेला, वाकडा. मेन स्टँड लावला, इंजिनाखालच्या पत्र्याला दगडाचा टेकू दिला आणि मोबाइलच्या उजेडात चाक काढलं. ट्यूबला ठिगळ लावलं तर ते दवानं धरेना. तीनदा लावलं. पोहोचायला सव्वा तास उशीर झाला. म्हैस वाचली, रेडकू गेलं. म्हातारा मला काही बोलला नाही, चहा ठेवला. त्यानंतर गाडीच्या पेटीत दोन्ही चाकांच्या नव्या ट्यूबा, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि हातपंप कायम असतो. ठिगळ लावत बसत नाही, ट्यूबच बदलतो, वीस मिनिटं लागतात. ट्यूब-पंक्चरवर आजवर ३,९०० खर्च झाले. बहुतेक वाया गेलेल्या ठिगळांची जागा नव्या ट्यूबांनी घेतली म्हणून.

चेनच्या बाबतीत माझी वही सरळ धडा देते. पहिलं चेन किट १९ हजारांत संपलं. चिखलातून यायचं, गाडी तशीच लावायची, सकाळी वरून ऑइल मारायचं, असं चालायचं. ऑइल आणि लाल माती मिळून चेनवर कानशीसारखं काम करतात हे उशिरा कळलं. आता दर ५०० किलोमीटरला मेन स्टँड लावून, रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये भिजवलेल्या ब्रशनं चेन घासतो, फडक्यानं कोरडी करतो आणि ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं थेंबथेंब सोडतो. पेट्रोलनं धुवायची नाही, आतल्या रबरी रिंगा फुगतात. दुसरं किट २७ हजार चाललं, तिसरं २८ हजार. दोन आठवड्यांतून एकदा वीस मिनिटं, आणि किट साडेचार-पाच हजारांचं असतं. मला हे काम आवडायलाही लागलंय. रविवारी सकाळी रेडिओ लावून करतो.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं ते, तीनदा बदललं. दर तेवीस-चोवीस हजारांना. आमच्या वाटांवर २१ इंची चाक दिवसभर दगडांवर आपटत असतं, वर पावसाचं पाणी आत शिरून ग्रीस धुतलं जातं, त्यामुळं मला ते झिजण्याचंच काम वाटतं. पण ते ओळखायला शिका. गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागं दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल एका बोटानं हळूहळू डावीकडून उजवीकडं न्या. बरोबर मधोमध, सरळ स्थितीत, कुलपात किल्ली बसावी तसा हलका खटका लागला तर बेअरिंगच्या वाटीत खड्डा पडलाय. मग फोर्क खालून धरून मागं-पुढं ओढून बघा, टकटक लागली तर उशीरच झालाय. मजुरीसकट एकोणीसशेच्या आत हे काम होतं. पहिल्या वेळी मला ओळखता आलं नव्हतं, दोन हजार किलोमीटर गाडी सरळ का चालत नाही म्हणून टायरलाच दोष देत बसलो होतो.

ब्रेकचा खर्च एवढा कमी असून त्यातही एक चूक माझी आहे. जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूरचा हायवे पाण्याखाली गेला, आंबा घाटात दरडी कोसळल्या, आणि आमचा तालुका मध्येच अडकला. मागचे पॅड संपत आले होते, मागवलेले कोल्हापुरात पडून. जनावरं वाहून गेलेली, गोठे पडलेले, थांबणं शक्य नव्हतं. पॅड संपून लोखंड डिस्कला घासायला लागलं आणि अडीच हजारांची डिस्क गेली. त्या दिवसांत जे काम झालं त्यासाठी अजूनही ती डिस्क गेल्याचं मला काही वाटत नाही, पण तेव्हापासून पॅडचा एक जोड घरात असतोच. क्लच प्लेटा ५८ हजारांवर बदलल्या. बॅटरी चार वर्षांनी, ती बंद पडायच्या आधीच. या गाडीला किक नाही, फक्त सेल्फ आहे, त्यामुळं सड्यावर बॅटरी मेली तर माणूस तिथंच.

इंजिन आजपर्यंत उघडलेलं नाही. ४११ सीसी, चोवीस हॉर्सपॉवर, ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क आणि तो खालच्या फेऱ्यांवर मिळतो. मागं कॅन, दोन पेट्या, कधी एखादा मदतनीस, आणि गाडी दुसऱ्या गिअरवर बैलगाडीच्या चालीनं न गुरगुरता वर जाते. २०२२ मध्ये जनावरांमध्ये लंपी त्वचारोग आला तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन महिन्यांत ४,३०० किलोमीटर झाले. एका पेटीत बर्फात ठेवलेली गोट पॉक्सची (शेळ्यांच्या देवीची) लस, दुसरीत सिरिंजा. पहाटे सहाला निघायचो, रात्री नऊला परत. त्या दोन महिन्यांत गाडीनं एकदाही वाट बघायला लावली नाही. मी रोज रात्री चेनवर हात फिरवायचो आणि हवा बघायचो, बाकी काही नाही. उतारावर मागच्या चाकाचं एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बटणानं बंद करता येतं, ते चिखलात फार कामाला येतं.

जड आहे. १९९ किलो. माझं वय बावन्न, आणि चिखलात आडवी झालेली गाडी एकट्यानं उचलायची तर पद्धत लागते. हँडल पूर्ण वळवून गाडीकडं पाठ करायची, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर मागं चालत जायचं. हे कोरड्या अंगणात सराव करून शिका, मग पावसात. हायवेवर ऐंशी-नव्वदला गाडी खुशीत असते, त्यापुढं तिला ओढल्यासारखं वाटतं. पुण्याला बायकोच्या माहेरी आम्ही चार-पाचदा गेलो, चहाला दोनदा थांबत. मागची सीट तिला आवडते, पण साडी नेसून चढणं तिला कठीण जातं, म्हणून ती पंजाबी ड्रेस घालते आणि माहेरी गेल्यावर बदलते.

विम्याचं एक लक्षात ठेवा. ३५० सीसीच्या वर गेलं की थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता एकदम वाढतो. १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६, त्यावर २,८०४, शिवाय जीएसटी. मी घेतली तेव्हा पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम भरावी लागली होती, १३,०३४, ती ऑन रोड किमतीतच होती. त्यामुळं पाच वर्षं फक्त गाडीच्या नुकसानीचा विमा भरत होतो आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्ही मिळून ५,६०० आले तेव्हा चमकलो. वर सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या नव्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी हिमालयन ४५० आली आणि ४११ बंद झाली, म्हणून आता बरेच जण जुनी ४११ शोधतात. माझ्याकडंही महिन्याला एक-दोन फोन येतात.

त्यांना मी सांगतो ते असं. किलोमीटरला घाबरू नका, ८० हजार झालेली पण वहीसकट मिळणारी गाडी ३० हजारांच्या बिनवहीच्या गाडीपेक्षा चांगली. वर सांगितल्यासारखं हँडल फिरवून खटका बघा. मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकलेत का बघा. तारांवर स्क्रूड्रायव्हरनं हलकं टकटक करा, सगळ्यांचा आवाज एकसारखा यायला हवा, एखादी बोद वाजली तर ती सैल आहे. एअर फिल्टर उघडायला लावा. फिल्टरच्या आतल्या, इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवा. तिथं लाल धूळ लागली तर गाडी कितीही चकाचक असली तरी परत फिरा. आणि घेतल्यावर पहिल्याच महिन्यात कोनसेट, चेन किट, दोन टायर, पॅड यांसाठी पंधरा-सोळा हजार बाजूला ठेवा. ते ठेवता येत नसतील तर अजून थोडं थांबा. सुटे भाग मला आजवर मिळाले आहेत. हेच इंजिन रॉयल एनफिल्डच्याच २०२२ च्या स्क्रॅम ४११ या गाडीतही होतं.

सांगलीच्या व्यापाऱ्याला मी नाही म्हटलंय. बायकोनंही तेच सांगितलं, आणि तिनं आधी वही बघितली होती. डाव्या फोर्कच्या सीलला थोडं ऑइल पाझरायला लागलंय, ते या महिन्यात करायचं. मागचा टायर आणून ठेवलाय, ४,४०० ला मिळाला, मोठ्या खाचांचाच. रविवारी बसवणार आहे.